ठसाझीज व नाण्यांचे आभासी प्रभेद

ठसाझीज व नाण्यांचे आभासी प्रभेद : नाणी पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादी ठशांची वापरामुळे होणारी झीज आणि तीमुळे एकाच ठशातून निघालेल्या नाण्यांत उत्पन्न होणारे, मुळात कोणीही हेतुतः न केलेले फरक. ठसा म्हणजे नाण्यावरील आकृती ज्याच्या तोंडावर उलटी व खोलगट कोरलेली असते, असा कठीण पोलादाचा ठोकळा होय. टांकसाळीत व संग्राहकांत त्यास ‘डाय’ असेही म्हणतात. एकच साल, एकच मूल्य व एकच टांकसाळ असलेल्या दोन नाण्यांत अक्षरांची जाडी, टांकसाळीचे चिन्ह किंवा चित्रातील एखादा अवयव यांबाबत फरक दिसला, की ती दोन स्वतंत्र प्रभेदांची नाणी आहेत असे मानण्याकडे संग्राहकांचा कल असतो. पुष्कळदा मात्र ती एकाच ठशाच्या आयुष्याच्या आरंभीची व अखेरची नाणी असतात. हा विवेक न ठेवल्यास संग्राहकाचे आर्थिक नुकसान होते, हे उघडच आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नाण्यांच्या साक्षीवर आधारलेला इतिहासही चुकतो.

संज्ञांचे स्पष्टीकरण : नाण्यांमधील फरक पाच निरनिराळ्या पातळ्यांवर उद्‌भवतात व त्यांची गल्लत होऊ देणे इष्ट नसते. (१) प्रकार : अधिकृत निर्णयाने चित्र, लेख, धातू वा आकार बदलल्यास नाण्याचा प्रकार बदलतो. (२) ठसाभेद : प्रकार तोच राहून एखादा ठसा घडविताना त्यात जो वेगळेपणा शिरतो, तो ठसाभेद. साल दोनदा ठोकले जाणे, अक्षर चुकणे, आकृती दुहेरी उमटणे ही त्याची उदाहरणे होत. असा ठसा वापरात येण्यापूर्वीच इतरांहून वेगळा असतो आणि त्यातून निघालेल्या पहिल्या नाण्यापासून तो वेगळेपणा दिसतो. (३) ठशाची अवस्था : ठसा वापरात आल्यावर त्याला पडलेल्या भेगा, झालेली झीज, घासकाम, त्यात साचलेला मळ इत्यादींमुळे नाण्यांत टप्प्याटप्प्याने येणारा फरक. (४) आघातदोष : चकती सरकणे, दाब कमी पडणे यांसारखा एखाद्याच नाण्यापुरता घडलेला दोष. (५) उत्तरकालीन बदल : टांकसाळीबाहेर पडल्यावर हाताळणीमुळे झालेली झीज किंवा मुद्दाम केलेला फेरफार. आभासी प्रभेद म्हणजे वस्तुतः तिसऱ्या वर्गातील फरक दुसऱ्या, क्वचित पहिल्या वर्गातील समजला जाणे होय.

ठशाची घडण : आधुनिक टांकसाळीत प्रत्येक ठसा हाताने कोरीत नाहीत. नाण्याप्रमाणेच सुलट व उठावाची आकृती असलेला एक मूळ ठसा प्रथम तयार करतात व तो मऊ केलेल्या पोलादी ठोकळ्यांवर प्रचंड दाबाने दाबून खोलगट आकृतीचे कामकाजी ठसे काढतात. नंतर त्यांना पाणी देऊन कठीण करतात. प्रत्यक्ष छपाईत दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती येते, तिच्याभोवती पोलादी कडे असते आणि एकाच दाबात दोन्ही बाजू व कड उमटतात [⟶ टांकसाळ].

पुढील विवेचनासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नाण्यावर जे उंच असते ते ठशावर खोल असते आणि नाण्याची सपाट पार्श्वभूमी हा ठशाचा सर्वांत उंच भाग असतो. त्यामुळे ठशाचे तोंड घासले, तर आकृतीचे उथळ भाग प्रथम नाहीसे होतात व खोल भाग टिकून राहतात. उलट ठशावर ओरखडा, टवका वा गंजाचा खड्डा पडला, तर तो नाण्यावर रेघ, गोळी वा ठिपका म्हणून वर उठून दिसतो. आभासी प्रभेदांचा बहुतेक सर्व उलगडा या एका नियमातून होतो.

झिजेची कारणे व लक्षणे : दाबाखाली चकतीचा धातू ठशाच्या खळग्यांत शिरतो व त्याच वेळी मध्यापासून कडेकडे सरकतो. ही क्रिया लाखो वेळा घडली म्हणजे ठशाच्या पृष्ठभागावर कडेकडे जाणारे सूक्ष्म चर पडतात. आरंभीच्या काळात हे चर उपकारक ठरतात; नवे नाणे तिरके धरून फिरविले असता चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी जी झळाळी दिसते, ती त्यांच्यामुळेच. पुढे चर खोल होऊन पार्श्वभूमी खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. अक्षरांच्या कडा बोथट होतात. काठाजवळची अक्षरे काठाच्या दिशेने ओढल्यासारखी पसरट होतात आणि आकृतीतील बारीक रेषा विरून जातात.

झिजेचा वेग चकतीच्या धातूवर अवलंबून असतो. सोने व चांदी हे तुलनेने मऊ धातू होत. तांबे-निकेलची मिश्रधातू व अगंज पोलाद यांमुळे ठसे लवकर झिजतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६६ मध्ये तांबे-निकेलचे पाच सेंटचे नाणे निघाले. त्याच्या मागील बाजूस ताऱ्यांच्या दरम्यान किरण कोरलेले होते. कठीण धातूत ही आकृती नीट उमटेना व ठसे झपाट्याने तडकू लागले. अखेर १८६७ मध्ये किरण काढून टाकण्यात आले. येथे झिजेच्या त्रासातून खराखुरा प्रकारभेद जन्मास आला. सकिरण व अकिरण ही दोन नाणी आभासी नव्हेत, कारण त्यांमागे अधिकृत निर्णय व नवा मूळ ठसा आहे.

झिजेच्या जोडीला आणखी चार घटना ठशाच्या आयुष्यात घडतात. यंत्रातील वंगण व धातूचा कीस खळग्यात साचून तो बुजतो आणि तेवढे अक्षर वा चिन्ह नाण्यावर उमटत नाही. मध्ये चकती नसताना दोन ठसे परस्परांवर आदळले, तर एकाच्या आकृतीचे अंश दुसऱ्यावर उमटतात. असे डाग घालविण्यासाठी कारागीर ठशाचे तोंड घासतो आणि त्या घासकामात उथळ भाग नाहीसे होतात. शेवटी ठशास भेगा पडतात, टवके उडतात व काठाचा एखादा तुकडा निखळल्यास त्या जागी नाण्यावर निराकार उंचवटा येतो.

मूळ ठसाही अविनाशी नसतो. त्याची झीज झाल्यास त्यापासून काढलेले सर्वच कामकाजी ठसे जन्मतःच अस्पष्ट असतात. अशा वेळी दोष एका ठशापुरता न राहता वर्षभराच्या नाण्यांत दिसतो.

प्रसिद्ध उदाहरणे : आभासी प्रभेदांचा सर्वांत बारकाईने अभ्यास अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत झालेला आहे. १९२२ मध्ये त्या देशात एक सेंटची नाणी केवळ डेन्व्हर येथील टांकसाळीत पाडण्यात आली. त्यांची संख्या ७१,६०,००० होती. डेन्व्हरच्या नाण्यांवर सालाखाली ‘डी’ हे अक्षर असते, तर फिलाडेल्फियाच्या त्या काळच्या सेंटवर कोणतेच चिन्ह नसे. तरीही १९२२ च्या काही सेंटवर ‘डी’ मुळीच दिसत नाही. केवळ नाण्यावरून अनुमान काढणारा अभ्यासक ती फिलाडेल्फियाची ठरवील. परंतु त्या वर्षी फिलाडेल्फियात एकही सेंट पाडण्यात आला नव्हता. हे अक्षर दोन वाटांनी नाहीसे झाले. काही ठसे अतिवापराने इतके झिजले व बुजले की ‘डी’ प्रथम पुसट आणि नंतर अदृश्य झाले. अशा नाण्यांची मागील बाजूही सामान्यतः झिजलेली असते. एका जोडीत मात्र ठसे परस्परांवर आदळले, पुढील ठसा घासण्यात आला व मागील ठसा बदलून नवा बसविण्यात आला, असे मानले जाते. त्यामुळे तिच्या नाण्यांवर ‘डी’ नसूनही मागील बाजूवरील गव्हाच्या लोंब्या ठसठशीत आहेत. या जोडीच्या नाण्यांना बाजारात मोठी किंमत येते. ‘डी’ पुसट दिसणाऱ्या मधल्या अवस्थेच्या नाण्यांना ती बरीच कमी मिळते.

१९३७ चे डेन्व्हरचे पाच सेंटचे नाणे हे दुसरे उदाहरण. जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराच्या या नाण्यावर एका बाजूस अमेरिकन इंडियनाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस बायसन आहे. एका ठशावरील डाग घालविण्यासाठी तो जास्त घासला गेला आणि बायसनाच्या पुढच्या उजव्या पायाचा बराचसा भाग नाहीसा होऊन ‘तीन पायांचा बायसन’ अवतरला. पाय उथळ कोरलेला असल्याने गेला आणि खोल कोरलेले धड राहिले, हे वर दिलेल्या नियमास धरूनच आहे. १९३६ च्या डेन्व्हरच्या काही नाण्यांवर हाच पाय अर्धवट नाहीसा झालेला आढळतो व त्यांस ‘साडेतीन पायांचा बायसन’ म्हणतात. या नाण्यांना मागणी असल्यामुळे साध्या नाण्यावरील पाय खरवडून बनावट नाणी केली जातात. अस्सल नाण्यावर बायसनाच्या पोटाखाली ठशावरील खड्ड्यांमुळे उठलेल्या ठिपक्यांची ओळ असते. खरवडलेल्या नाण्यावर ती निर्माण करता येत नाही.

दुहेरी आकृतीच्या बाबतीत तर गोंधळ नेहमीचाच आहे. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका ठशावर मूळ ठसा दोनदा दाबताना दुसऱ्या वेळी तो किंचित फिरलेला होता. त्यामुळे साल व लेख स्पष्टपणे दुहेरी उमटलेले सेंट तयार झाले आणि त्यांपैकी सु. वीस हजारांहून अधिक चलनात गेले. हा खरा ठसाभेद होय. त्याच वर्षाच्या इतर काही सेंटवर सालातील शेवटचा ५ हा अंक दुहेरी असल्याचा भास होतो. तो मात्र झिजलेल्या ठशाचा परिणाम आहे. खळग्याची कड एका बाजूने खचल्यामुळे अंकाला लागून एक पसरट सावली उमटते. संग्राहकांत हे नाणे ‘गरिबाचे दुहेरी ठशाचे नाणे’ या नावाने ओळखले जाते. खऱ्या नाण्याची किंमत त्याच्या कित्येक पटींनी अधिक असल्यामुळे या दोहोंतील भेद जाणणे अगत्याचे ठरते.

ठशांचे टवके व टकराही नवनव्या ‘आकृती’ निर्माण करतात. लिंकन सेंटवरील ‘लिबर्टी’ या शब्दातील ‘बी’ व ‘ई’ या अक्षरांमध्ये टवका उडाल्याने तेथे ‘आय’ अक्षरासारखी उभी रेघ आलेली नाणी, विशेषतः १९५० च्या दशकातील, स्वतंत्रपणे जमविली जातात. १९५५ च्या अर्ध्या डॉलरच्या काही नाण्यांवर बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या ओठांपुढे सशासारखे दात आल्याचे दिसते. मागील बाजूवरील गरुडाच्या पंखाचा अंश ठशांच्या टकरीमुळे तेथे उमटलेला आहे. २००५ च्या कॅन्सस राज्याच्या पाव डॉलरच्या काही नाण्यांवर ‘ट्रस्ट’ या शब्दाचे पहिले अक्षर वंगणाने बुजल्यामुळे राष्ट्रीय ब्रीदवाक्यात देवावरील विश्वासाच्या जागी गंज आला. यांपैकी कोणतेही नाणे टांकसाळीने वेगळे म्हणून काढलेले नव्हते.

भारतीय नाणी : भारतीय नाण्यांच्या अभ्यासातही हाच विवेक आवश्यक आहे. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे तीन व दोन ओळींत असतात. शिवाजी महाराजांच्या पश्चात पेशवाईतही ही नाणी दीर्घकाळ पाडली जात होती. त्यांचे ठसे हाताने कोरलेले असल्याने प्रत्येक ठसा दुसऱ्याहून थोडाफार भिन्न असे. ‘शिव’ ऐवजी ‘सिव’, ‘पति’ ऐवजी ‘पती’ असे लेखनभेद हे खरे ठसाभेद होत. परंतु ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे व आघात हातोड्याने होई. त्यामुळे वेलांटी चकतीबाहेर राहणे, झिजलेल्या ठशामुळे काना वा मात्रा न उमटणे असे प्रकार सर्रास घडत. एकाच नाण्यावरून लेखनभेद नोंदविल्यास कारागिराच्या माथी न केलेली चूक मारली जाते. त्याच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवून पूर्ण लेख जुळविणे, हाच येथे खात्रीचा मार्ग होय. झिजलेला ठसा पुन्हा कोरून वापरला असेल, तर मात्र निराळा विचार करावा लागतो. नव्याने कोरलेली रेघ ही हेतुतः केलेली असल्याने तिला ठसाभेदाचा दर्जा देणे योग्य ठरते.

ब्रिटिश अमदानीतील चांदीच्या रुपयांवर १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत कायम ठेवण्यात आले होते. मुंबईच्या टांकसाळीच्या अनेक रुपयांवर सालाच्या आसपास बारीक बिंदू आढळतात व ते प्रत्यक्ष वर्षाचे निदर्शक मानले जातात. अशा ठिकाणी एक बिंदू बुजला किंवा ठशावरील खड्ड्यामुळे एक वाढला, तर नाण्याचे वर्ष चुकते; म्हणून बिंदूंची संख्या सुस्थितीतील अनेक नाण्यांवरून निश्चित करावी लागते. याउलट १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ती झिजेमुळे नव्हे. राजाच्या गळ्यातील पदकमालेवरील हत्तीची सोंड मुळातच आखूड कोरलेली होती. १९१२ मध्ये ती सुधारण्यात आली. म्हणून ‘डुकराचा रुपया’ हा खरा भेद आहे.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीचे चिन्ह असते : मुंबईसाठी चौकट, हैदराबादसाठी पंचकोनी तारा, नोएडासाठी गोल ठिपका, कोलकात्याच्या नाण्यांवर सामान्यतः चिन्ह नसते. अभाव हेच जेथे एका टांकसाळीचे लक्षण आहे, तेथे चिन्ह बुजलेले मुंबईचे नाणे कोलकात्याचे ठरण्याचा धोका उघड आहे व तो १९२२ च्या अमेरिकन सेंटच्या उदाहरणाशी तंतोतंत जुळतो. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर मधोमध दुभागलेली चौकट असे. दोन भागांमधील बारीक फट म्हणजे ठशावरील नाजूक कणा. तो झिजला वा तुटला तर चौकट अखंड दिसून नाणे मुंबईचे वाटू शकते. १९८८ पासून भारतात अगंज पोलादाची नाणी निघू लागली. हा धातू कठीण असल्याने अशा नाण्यांवर पुसट चिन्हे दिसल्यास प्रथम ठशाच्या झिजेचा विचार करणे योग्य ठरते.

ओळखण्याच्या कसोट्या : पाच ते दहापट मोठे दाखविणारे भिंग, तिरका प्रकाश व तुलनेसाठी त्याच वर्षाची शक्य तितकी नाणी एवढी सामग्री पुरेशी असते. (१) उठाव की खोलगटपणा : ठशातील इजा नाण्यावर उठावाने दिसते, नाण्याला मागाहून झालेली इजा खोलगट असते. (२) मधल्या अवस्था : स्पष्ट, पुसट व लुप्त अशी सलग मालिका लावता आली, तर तो फरक ठशाच्या अवस्थेचा होय. ठसाभेदात अशी मालिका नसते; तो पहिल्या नाण्यापासून असतो व ठसा झिजेल तसा फारतर अस्पष्ट होत जातो. (३) शेजाऱ्यांची साक्ष : चिन्हाच्या भोवतालची अक्षरे पसरट व पार्श्वभूमी चऱ्यांनी भरलेली असेल, तर चिन्हाचा लोपही झिजेचाच मानावा. (४) दुहेरीपणाचे स्वरूप : खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही आकृती गोलसर व सुस्पष्ट असून अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. झिजलेल्या ठशाची सावली धूसर असते व तीत दुसरी आकृती निराळी काढता येत नाही. सैल ठसा आघाताच्या अखेरीस सरकल्यास अक्षराची कड चेपून सपाट पायरी पडते. ती नाण्यागणिक बदलते. (५) पुनरावृत्ती : तीच भेग, तोच ठिपका व तोच फरक अनेक नाण्यांवर एकत्र आढळला, तरच तो ठशाचा म्हणता येतो, एकाच नाण्यावर आढळलेला फरक आघातदोष वा उत्तरकालीन बदल समजावा.

अभ्यासातील महत्त्व : आभासी प्रभेद खोटे असले, तरी निरुपयोगी नव्हेत. ज्या भेगा व डाग संग्राहकाला चकवितात, तेच संशोधकाला कालक्रम सांगतात. पुढील बाजूच्या एकाच ठशाबरोबर मागील बाजूचे दोन ठसे वापरलेले असतील, तर पुढील ठशावरील भेग कोणत्या जोडीत लहान व कोणत्या जोडीत मोठी आहे, यावरून आधीची जोडी ओळखता येते. हाताने पाडलेल्या नाण्यांत ऐरणीत बसविलेला खालचा ठसा हातोड्याचा थेट मार खाणाऱ्या वरच्या ठशापेक्षा अधिक टिकत असे. त्यामुळे अशा जोड्यांच्या साखळ्या तयार होतात. साल नसलेल्या प्राचीन नाण्यांचा क्रम लावण्यास आणि टांकसाळीच्या उत्पादनाचा अंदाज करण्यास या साखळ्या उपयोगी पडतात. टांकसाळींनाही हा विषय महत्त्वाचा वाटत आला आहे. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने १८६० व १८७० च्या दशकांत सॉव्हरिन, शिलिंग इ. नाण्यांच्या मागील बाजूस ठशांचे क्रमांक बारीक अक्षरांत घातले. ठशांचे आयुष्य व झीज यांचा मागोवा घेणे हा त्यामागील हेतू असावा, असे मानले जाते. ते क्रमांक जमविणे हा आज संग्राहकांचा स्वतंत्र छंद होऊन बसला आहे.

१९२२ चा चिन्हहीन सेंट किंवा तीन पायांचा बायसन यांना मिळणारी किंमत ही संग्राहकांच्या परंपरेने व मागणीने ठरलेली आहे. नाणकशास्त्रीय दर्जा त्यावरून ठरत नाही. सूचीत त्यांची नोंद करण्यास हरकत नसावी, मात्र ती ठशाची अवस्था म्हणून असावी. झिजलेल्या प्रत्येक अक्षराला निराळा क्रमांक दिल्यास सूची वाढत जाते, पण ज्ञान वाढत नाही. नाण्याचा फरक नोंदविण्यापूर्वी तो ठशात केव्हा शिरला, हा प्रश्न विचारणे हीच या अभ्यासाची पहिली पायरी होय.